इश्बिलियाचे पूल आणि व्यापाऱ्याचा हिशेब

दुकान कुठे मांडावे या प्रश्नावर आपले व्यापारी बंधू महिनोन्‌महिने विचार करतात. जागा पाहतात, पागडी विचारतात, शेजारी कोण आहे याची चौकशी करतात. पण दुकानापर्यंत माल कोणत्या वाटेने येणार, गिऱ्हाईक कोणत्या वाटेने येणार आणि ती वाट उद्या बंद पडली तर काय, याचा विचार फारच थोडे लोक करतात. या पानावर आम्ही बहुधा भांडवल, उधारी, हिशेबवही अशा विषयांवर लिहितो. आज वाटेचा विषय घेतला आहे, आणि त्यासाठी स्पेनमधील एका शहराचे उदाहरण निवडले आहे. त्या शहराला आज सेव्हिल म्हणतात. अंदलुसच्या काळात त्याचे नाव इश्बिलिया होते.

शहर नदीकाठी वसलेले आहे. नदीचे आजचे नाव ग्वादालक्विविर. हे नाव आपल्या कानाला परके वाटेल, पण ते 'अल-वादी अल-कबीर' म्हणजे 'मोठी नदी' या अरबी शब्दांचे स्पॅनिश रूप आहे. समुद्रापासून हे शहर ऐंशी-नव्वद किलोमीटर आत आहे, तरीही समुद्रावरची जहाजे नदीतून थेट शहराच्या धक्क्याला लागतात. समुद्री जहाजे येतील असे शहराच्या आत असलेले स्पेनमधील बंदर हे एवढेच. म्हणून या नदीवर पूल बांधताना दर वेळी एकच पेच उभा राहिला: रस्त्यावरचा माल पलीकडे न्यायचा आहे आणि नदीवरचा माल अडवायचा नाही. हा पेच लोकांनी तीन वेगवेगळ्या काळांत तीन तऱ्हांनी सोडवला.

होड्यांचा पूल

पहिला पूल मुवह्हिद खलिफा अबू याकूब यूसुफ याने 1171 साली बांधला. त्याच खलिफाने पुढच्या वर्षी शहरातील मोठ्या जामा मशिदीचे काम सुरू केले. तिचा मिनार आजही उभा आहे आणि चर्चच्या घंटाघराच्या रूपात जगभरचे प्रवासी तो पाहायला जातात. मिनाराची प्रसिद्धी मोठी आहे. पण शहराच्या पोटापाण्याच्या दृष्टीने पाहिले तर पुलाचे महत्त्व अधिक होते असे आमचे मत आहे.

हा पूल दगडी नव्हता. नदीचा तळ गाळाचा, पूर मोठे, आणि समुद्राची भरती-ओहोटी शहरापर्यंत जाणवत असे. अशा ठिकाणी दगडी खांब रोवणे त्या काळात फार कठीण होते. म्हणून होड्या एकीला लागून एक उभ्या केल्या, त्या साखळदंडांनी जोडल्या आणि वर फळ्या टाकल्या. पाणी चढले की पूल चढे, पाणी उतरले की पूल उतरे. पलीकडच्या तीरावर त्रियाना ही वस्ती, आणि तिच्या मागे 'अश-शरफ' नावाचा उंच सुपीक प्रदेश. तिथे मैलोन्‌मैल जैतूनच्या बागा होत्या. त्या बागांचे तेल पुलावरून शहरात येई आणि शहराच्या धक्क्यावरून जहाजांत चढे. त्रियानात कुंभारांच्या भट्ट्या होत्या. नदीकाठची चिकणमाती तिथेच मिळे आणि तेल भरायची भांडी तिथेच भाजली जात. तेल, त्याचे भांडे आणि ते नेणारे जहाज ही तिन्ही एका पुलाच्या दोन टोकांना होती.

या पुलाची एक बाजू आमच्या कारागीर वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. होड्यांचा पूल एकदा बांधून संपत नाही. लाकूड कुजते, फटी पडतात, साखळ्या गंजतात, पूर एखादी होडी घेऊन जातो. सुतार, लोहार, दोरखंड वळणारे, फटी भरून डांबर लावणारे, या सर्वांना त्या पुलावर पिढ्यान्‌पिढ्या काम असणार हे उघड आहे. होड्या बदलत गेल्या, राज्ये बदलली, पण होड्यांचा पूल म्हणून तो 1852 पर्यंत त्याच जागी राहिला. म्हणजे सुमारे 680 वर्षे! ज्याची रोज दुरुस्ती होते ती कच्ची वस्तूही किती टिकते याचे याहून मोठे उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

या पुलाच्याही आधी, बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, इब्न अब्दून नावाच्या जाणकाराने इश्बिलियाच्या बाजारव्यवस्थेवर एक पुस्तक लिहिले. मुहतसिब म्हणजे बाजारावर देखरेख करणारा अधिकारी. त्याने काय पाहावे, काय रोखावे, याचे ते पुस्तक आहे. त्यातील दोन गोष्टी येथे सांगण्यासारख्या आहेत. नदीकाठची धक्क्याची जागा कोणालाही विकू नये आणि तिथे घरे बांधू देऊ नयेत, असे तो बजावतो. कारण ती जागा व्यापाऱ्यांचा माल बाहेर जाण्याची, परक्या लोकांच्या आसऱ्याची आणि जहाजांच्या दुरुस्तीची आहे. एका माणसाच्या चार भिंतींसाठी ती अडली तर सगळ्या शहराचा धंदा अडेल. दुसरी गोष्ट विटांची. विटांची आणि कौलांची लांबी-जाडी ठरवून त्यांचे नमुने मोठ्या मशिदीत टांगून ठेवावेत, म्हणजे गिऱ्हाइकाला माल ताडून पाहता येईल, असे तो म्हणतो. मापात पाप नको हे आपण सर्वच जण ऐकतो. नमुना सर्वांच्या डोळ्यांसमोर टांगून ठेवणे ही त्याच्या पुढची पायरी झाली.

त्या बाजाराचे शब्द स्पॅनिश भाषेत आजही फिरत आहेत. गोदामाला तिथे 'अल्मासेन' म्हणतात, ते 'अल-मखजन'. जकातनाक्याला 'आदुआना' म्हणतात, ते 'दीवान'. दरपत्रकाला 'तारीफा', ते 'तारीफ' म्हणजे माहिती देणे. चकचकीत रंगीत फरशीला 'असुलेखो', तेही अरबीच. आणि मोंढ्यात आपण रोज जो 'क्विंटल' उच्चारतो, तो शब्दही अरबी 'किंतार'वरूनच युरोपात गेला व तिकडून फिरून आपल्याकडे आला.

पूल तुटला तेव्हा

1248 साली कॅस्टिलच्या राजाने शहराला वेढा घातला होता. तटबंदी भक्कम होती आणि वेढा लांबत चालला होता. कारण उघड होते. शहराला पलीकडच्या तीरावरून, म्हणजे त्रियाना आणि शरफच्या बाजूने, पुलावरून रसद मिळत होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात रामोन दे बोनिफास या दर्यावर्दी सरदाराने आपली जहाजे वाऱ्याच्या जोरावर पुलावर आदळवली. साखळ्या तुटल्या आणि दोन्ही तीर एकमेकांपासून तुटले. नोव्हेंबरमध्ये शहराने शरणागती पत्करली.

लढाईचा इतिहास सांगणे हा या पानाचा विषय नाही. पण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. एवढ्या मोठ्या शहराची, त्याच्या हजारो कुटुंबांची पलीकडच्या तीराशी जोडणारी पक्की वाट एकच होती. आपल्यापैकी किती जणांचा माल एकाच घाऊक व्यापाऱ्याकडून येतो? किती कारागीर एकाच दलालामार्फत सगळा माल विकतात? किती यंत्रमागवाले एकाच पेढीच्या सुतावर चालतात? तो दुवा चांगला असतो, जुना असतो, विश्वासाचा असतो, म्हणून दुसरा शोधण्याची गरजच वाटत नाही. इश्बिलियाचा पूलही चांगला आणि विश्वासाचाच होता.

नव्या राज्यात शहराचा व्यापार पुन्हा वाढला. 1503 साली अमेरिकेशी होणाऱ्या सर्व व्यापाराची कचेरी येथे उघडली आणि त्या खंडाचे सोने-चांदी याच नदीतून येऊ लागले. पण नदी गाळाने भरत गेली, जहाजे मोठी होत गेली, नदीच्या मुखावरचा वाळूचा दांडा धोक्याचा ठरला. 1717 साली ती कचेरी समुद्रकाठच्या कादिझ शहरात हलवण्यात आली. सरकारी मक्तेदारी दोनशे वर्षे होती, तरी गाळापुढे तिचे काही चालले नाही.

1845 ते 1852 या काळात होड्यांच्या जागी लोखंडी कमानींचा पूल झाला. पॅरिसमधील त्या वेळच्या एका पुलाच्या धर्तीवर तो बांधला गेला. पॅरिसचा मूळ पूल विसाव्या शतकात पाडला गेला. सेव्हिलचा मात्र उभा आहे, पण त्यातही एक गोम आहे. 1970च्या दशकात त्याच्यावर नवा रस्ता असा बसवला की भार जुन्या कमानींवर येत नाही. कमानी आता शोभेच्या आहेत.

1992ची घाई

आता आपण मुख्य पुलाकडे येऊ. 1992 साली कोलंबसच्या सफरीला पाचशे वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त सेव्हिलमध्ये 20 एप्रिल ते 12 ऑक्टोबर या काळात जागतिक प्रदर्शन भरले. त्या तारखेपूर्वी शहराने रस्ते, रेल्वे, विमानतळ आणि अनेक नवे पूल उभे केले. त्यांतील दोन पुलांची तुलना उद्‌बोधक आहे.

एक अलामियोचा पूल. तो सांतियागो कालात्रावा या प्रसिद्ध वास्तुकाराचा. मागे झुकलेला एकच उंच खांब, 142 मीटरचा, आणि त्याच्या वजनावर तारांनी तोललेला 200 मीटरचा रस्ता. दिसायला अप्रतिम, वीणेसारखा. मूळ कल्पना अशी होती की असे दोन पूल समोरासमोर बांधावेत. प्रत्यक्षात एकच झाला.

दुसरा पूल शहराच्या दक्षिणेला, बंदराच्या बाजूला. नाव 'पाचव्या शताब्दीचा पूल'. तो 1991 साली झाला. सेव्हिलच्या वळणरस्त्याचा, म्हणजे शहराबाहेरून फिरणाऱ्या महामार्गाचा तो भाग आहे. मुख्य गाळा 265 मीटर, खांब शंभर मीटरहून थोडे उंच, आणि दोन्ही बाजूंच्या चढांसह लांबी सुमारे दोन किलोमीटर. मुंबईकर वाचकांनी 2009 साली सुरू झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू पाहिलेला असेल. जात तीच, खांबावरून तिरप्या तारा सोडून रस्ता उचलून धरायचा. सेव्हिलच्या लोकांनी या पुलाला 'पाकितो' म्हणजे 'छोटा पाको' असे नाव ठेवले. पाको हे फ्रान्सिस्कोचे लाडके नाव. सान फ्रान्सिस्कोच्या मोठ्या पुलासारखा हा पूल, पण लहान, म्हणून पाकितो! थट्टा करण्यात ते लोक आपल्या भेंडीबाजाराला हार जाणार नाहीत.

265 मीटर नदी ओलांडायला दोन किलोमीटरचा पूल कशाला, असा प्रश्न चौकस वाचक विचारील. हिशेब सोपा आहे. खालून मालवाहू जहाजे जायची आहेत, म्हणून रस्ता पाण्यापासून सुमारे 45 मीटर उंच हवा. भरलेला ट्रक सरळ उभ्या चढावर चढत नाही. शंभर मीटर चालीला पाच मीटर चढ, यापेक्षा जास्त ठेवला की गाड्या कुथू लागतात. तेव्हा 45 मीटर चढायला 900 मीटर, आणि तेवढेच उतरायला. 1800 अधिक 265, म्हणजे दोन किलोमीटर आलेच. हातगाडी ओढणाऱ्या बंधूंना हे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरा मार्ग उघडझाप करणाऱ्या पुलाचा होता. तसा पूल शहराच्या बाजूला, थोडा वर आहेही. तो ठेंगणा आहे, त्याला लांब चढ लागत नाहीत. जहाज आले की मधला भाग उचलतात. पण तेवढा वेळ रस्ता बंद. महामार्गावर ते परवडणारे नव्हते. उंच पुलाने ही अडचण टाळली, मात्र त्याचीही किंमत आहे: पुलापलीकडे जाणाऱ्या जहाजाची उंची कायमची ठरून गेली. बंदराच्या तोंडाशी पाण्याची पातळी राखणारे दुहेरी दरवाजांचे लॉक आहे. 2010 साली तिथे नवे, मोठे लॉक झाले, तेव्हा अधिक रुंद जहाजे आत येऊ लागली. रुंदी वाढली, उंची तीच राहिली. धंद्यातही काही मर्यादा अशाच असतात. काही पुढे पैसे टाकून वाढवता येतात, काही पहिल्या दिवशीच कायम होतात. दुकानाचे फर्निचर पहिल्या प्रकारचे, दुकानाचा दर्शनी भाग दुसऱ्या प्रकारचा.

पाच पदरांचा पेच

उंचीचा विचार नीट झाला, रुंदीचा झाला नाही. पुलावर पाच पदर चालवले गेले. दोन जाणारे, दोन येणारे आणि मधला उलटसुलट. ज्या वेळी ज्या बाजूला गर्दी, त्या वेळी तो पदर त्या बाजूला. कल्पना हुशारीची आहे हे मान्य केलेच पाहिजे. सकाळी सगळे एका बाजूला निघालेले असताना दुसरी बाजू रिकामी ठेवण्यात काय अर्थ? आपणही रमजानमध्ये शिलाईच्या दुकानातील चार माणसे कापणीवरून शिवणकामावर घेतो, ती हीच युक्ती.

पण त्या युक्तीचे तोटेही होते. मधल्या पदरात समोरासमोरच्या गाड्यांना कायमचा दुभाजक ठेवता येत नव्हता, म्हणून धडकेची भीती. कडेला बिघडलेली गाडी उभी करायला जागा नव्हती, म्हणून एक टेम्पो बंद पडला की मागे मैलभर रांग. आणि पुढे दोन्ही बाजूंना दिवसभर गर्दी होऊ लागली, तेव्हा उलटसुलट करण्यासारखे काही उरलेच नाही. रोज लाखाच्या घरात वाहने या पुलावरून जाऊ लागली. बंदरात येणारा आणि शहराभोवतालच्या गोदामांतून निघणारा कितीतरी माल याच पुलावर अडू लागला.

अखेर 2020 नंतर पुलाचे मोठे काम हाती घ्यावे लागले. रस्ता रुंद करून दोन्ही बाजूंना तीन-तीन पदर करायचे, उलटसुलट पदर रद्द करायचा, आणि सगळ्या जुन्या तारा काढून नव्या बसवायच्या. पूल तीसच वर्षांचा होता. कोट्यवधी युरोचे हे काम वाहतूक चालू ठेवून करायचे होते. एक तार काढायची, तिच्या जागी नवी ताणायची, भार तोलायचा, मग पुढची. सगळ्या तारा एकदम सोडता येत नाहीत, नाहीतर पूलच खाली. रात्री पदर बंद, दिवसा वेग कमी, आणि शहराचा वनवास वर्षानुवर्षे चालला.

आमच्या मते येथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकमेकींत मिसळू नयेत. रुंदी अपुरी ठेवणे ही अंदाजाची चूक होती. तारा बदलणे ही चूक नव्हे. तारा म्हणजे झिजणारा भाग, तो कधी ना कधी बदलायचाच असतो. होड्यांच्या पुलाची होडी बदलत असे, तशीच ही तार. फरक इतकाच की होडी बदलायचे काम अधूनमधून, थोडे थोडे होई, आणि तारांचे काम तीस वर्षांनी एकगठ्ठा आले. एकगठ्ठा आलेला खर्च नेहमी अवजड वाटतो, जरी वर्षावारी भाग पाडला तर तो तेवढा नसला तरी.

हिशेब मांडून पाहा

समजा, एका बंधूने माल वाहण्यासाठी सहा लाखांचा टेम्पो घेतला. आठ वर्षांनी तो एक लाखाला विकला जाईल. म्हणजे आठ वर्षांत पाच लाख झिजणार. वर्षाला 62,500 रुपये. वर्षात 300 दिवस गाडी चालली तर दिवसाला सुमारे 208 रुपये.

आता रोजची वही पाहा. भाडे मिळाले 2,000. डिझेल 900, चालकाचे 600. हातात राहिले 500. पुष्कळ जण या पाचशेला नफा समजून घरात खर्च करतात. यातले 208 रुपये नफा नव्हेत. ते टेम्पोचेच पैसे आहेत, रोज थोडे थोडे सुटे होऊन हातात येणारे. खरी कमाई 292 रुपये. टायर, विमा, दुरुस्ती यांचा वाटा अजून काढायचाच आहे.

हे 208 रुपये वेगळ्या डब्यात पडत राहिले तर आठ वर्षांनी नव्या गाडीचे बहुतेक पैसे तयार असतात. पडले नाहीत, तर गाडी खिळखिळी झाल्यावर सावकाराच्या किंवा व्याजी कर्जाच्या दारात जावे लागते. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांना तर हा डबा अधिकच आवश्यक आहे. कुंभाराची भट्टी, बेकरीचा ओव्हन, शिलाई यंत्र, यंत्रमाग, कुणाच्याही बाबतीत आकडे बदलून हा हिशेब मांडता येईल. वर्षे मोजताना वस्तू नीट चालेल तेवढीच धरावीत, रडतखडत चालेल तेवढी नव्हेत.

रुंदीचा हिशेब निराळा. तो वहीत मांडता येत नाही, मोजून पाहावा लागतो. दिवसातून किती वेळा गिऱ्हाईक रांग पाहून परत जाते, किती वेळा मागणी असून माल हाती नसतो, हे एक महिना कोऱ्या वहीत टिपून ठेवावे. ते फक्त ईदच्या आठवड्यात होत असेल तर उलटसुलट पदराची युक्ती पुरे, माणसे इकडची तिकडे करावीत. बारा महिने होत असेल तर पदर वाढवावा लागेल.

सेव्हिलच्या दक्षिणेला, शहरापासून आणखी दूर, नदी ओलांडणारा दुसरा बाह्य महामार्ग बांधण्याचे ठरले होते. तिथे पुलाऐवजी नदीखालून बोगदे काढायचे ठरले आणि बोगदे खोदणारी प्रचंड यंत्रेही आणली. ती यंत्रे वर्षानुवर्षे कामाविना पडून राहिली आणि पुढे सरकारने बोगद्यांचा बेत सोडून तिथेही पूलच बांधण्याचे ठरवले. तोवर वळणरस्त्याचा सगळा भार पाकितोवरच होता.

त्रियानाच्या लोखंडी पुलाशी आजही बाजार भरतो. मासळी, भाजी, जैतून, सर्व काही मिळते. त्या बाजाराच्या खाली जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. मुवह्हिदांच्या काळी तो किल्ला पुलाच्या त्या टोकाची राखण करीत असे. बाजारामागच्या गल्ल्यांतून रंगीत फरशांची दुकाने आहेत. कुंभारांच्या बहुतेक भट्ट्या शहरातून गेल्या, एका जुन्या कारखान्याचे 2014 साली संग्रहालय झाले आणि भट्ट्यांची पोकळ तोंडे तिथे पाहायला मिळतात. पण फरशांना गिऱ्हाईक अजून येते आणि ते बहुतेक पायी पूल ओलांडून येते.